दिवाबत्तीचे खाते

आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवण्याची रीत आमच्या बऱ्हाणपुरातील घरी अद्याप टिकून आहे. तीतून दोन समया निघतात, निरांजने निघतात, साखळी तुटलेला लामणदिवा निघतो, काच नसलेला एक कंदील निघतो आणि सर्वांत तळाशी ग्यासबत्तीचा सांगाडा असतो. पितळेची भांडी चिंचेने घासली जातात, कंदिलाचा पत्रा नुसता पुसला जातो, पाटावर सगळ्यांची रांग लागते आणि कणकेचे गोड दिवे उकडून नैवेद्य होतो. गेल्या खेपेस या रांगेच्या शेवटी आमच्या नातवाने एक जळलेला एलईडी बल्ब आणून ठेवला. सूनबाईंना हसू आले. तो मात्र गंभीरपणे म्हणाला, ‘‘आजोबा, हासुद्धा दिवाच आहे ना?’’

बल्ब पाटावर तसाच राहिला आणि त्याला हळदकुंकूही लागले. पण त्या निमित्ताने आम्हांस आमच्या आजीचे एक वाक्य आठवले. घरात कोणताही नवा दिवा आला की ती एकच प्रश्न विचारी : ‘‘हा तेल किती पितो?’’ दिवा सुंदर आहे की नाही, विलायती आहे की देशी, हे तिच्या लेखी पुढचे. आधी तेल, मग उजेड, आणि या दोहोंचे एकमेकांशी प्रमाण. हा प्रश्न आपल्या घरांतून मध्यंतरी दोन-तीन पिढ्या हरवला होता, आणि तो विजेच्या दिव्यांनीच हरवला, असे आमचे मत आहे. त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

बऱ्हाणपूर म्हटले की वाचकांस फारुकी सुलतान, असीरगड, मुमताज बेगम आणि कुंडी भंडारा आठवणार. त्या वाटा आपल्या सर्वांच्या पायांखालच्या आहेत. दिव्याच्या दृष्टीने पाहिले तर मात्र शहर जरा निराळे दिसते. अकबराच्या सैन्याने १६०१ मध्ये असीरगड घेतला. त्या मोहिमेत असलेल्या अबुल फजलने आपल्या ‘आईने अकबरी’त बादशाही दिव्यांना एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. सूर्य मेष राशीच्या एकोणिसाव्या अंशात आला की भर दुपारी सूर्यकांत मणी उन्हात धरावयाचा, त्याच्याजवळ धरलेला कापूस पेटला की तो अग्नी जपून ठेवावयाचा आणि वर्षभर दिवे, मशाली व स्वयंपाकघरे त्यावरच चालवावयाची, असा परिपाठ तेथे नोंदलेला आहे. छावणीत चाळीस गजांहून उंच खांब सोळा दोरांनी ताणून उभा करीत आणि त्याच्या टोकाला प्रचंड कंदील लावीत. त्याचे नाव ‘आकाशदिया’. दिवाळीत आपण गच्चीवर जो आकाशदिवा टांगतो त्याचे नाव मोगली छावणीच्या हिशेबात असे भेटावे, ही गोष्ट आम्हांस मोठी गमतीची वाटते.

बादशहाच्या प्रकाशाचे हे वर्णन वाचून सामान्य घरांचा तर्क करू नये. ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या १६४१ मध्ये आणि पुन्हा १६५८ मध्ये येथे आला. तलम मलमलीच्या व्यापाराबरोबर येथील पडझड आणि बहुतांश घरांवरचे गवती छप्पर त्याने नोंदून ठेवले आहे. गवताच्या छपराखाली दिवा म्हणजे धाकच. तो लहान असावा, खाली असावा आणि निजताना मालवलेला असावा, हे नियम काटकसरीने जितके शिकवले तितकेच भीतीनेही शिकवले असावेत. येथे अनेक वर्षे सुभेदारी गाजवणाऱ्या अब्दुर्रहीम खानखानान याने आपल्या एका दोह्यात दिव्याच्या ‘वाढण्या’वर श्लेष केला आहे. हिंदीत दिवा ‘बढवणे’ म्हणजे विझवणे. विझणे हा अशुभ शब्द टाळण्याची ती युक्ती. मराठीतही बांगडी फुटत नाही, ‘वाढवते’. घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांस हा श्लेष दोन्ही बाजूंनी कळतो, हा आपला जास्तीचा लाभ म्हणावयास हरकत नाही.

उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये निजामाने बऱ्हाणपूर पेशव्यांस दिले आणि पुढे अठरा वर्षांनी ते शिंद्यांकडे गेले. आपल्यापैकी पुष्कळांची घराणी याच काळात दक्षिणेतून वर सरकली. वाड्यांची जोती, देव्हाऱ्यांचे कोनाडे आणि भिंतींतील दिवळ्या ही त्यांच्याबरोबर आलेली घडण. पेशवाईच्या जमाखर्चांत आणि देवस्थानांच्या सनदांत ‘दिवाबत्ती’ आणि ‘नंदादीप’ या सदरांखाली तेलाच्या नेमणुका आढळतात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की नेमणूक उजेडाची नसे, तेलाची असे. ही पद्धत फार जुनी आहे. गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळातील, इसवी सन ४६५ च्या सुमाराचा एक ताम्रपट इंदूर नावाच्या गावी सापडला. (हे इंदूर आपले नव्हे, ते उत्तर प्रदेशात बुलंदशहराकडे आहे.) सूर्यमंदिरातील दिव्यासाठी एका ब्राह्मणाने ठेव ठेवली आणि तेथील तेल्यांच्या श्रेणीने रोज दोन पले तेल पुरवावे असे ठरले. उजेड मोजता येत नव्हता म्हणून लोक तेल मोजत. परंतु वात कशी वळावी, किती पुढे सरकवावी, कोणते तेल स्वच्छ जळते आणि कोणते काजळी धरते, हे सर्वांस ठाऊक असल्याने तेलाच्या मापावरून उजेडाचा अंदाज अचूक बांधता येई. एरंडेल सावकाश जळते आणि धूर कमी करते म्हणून त्याला मान होता. आपल्या देशात आगगाडीच्या दिव्यांतसुद्धा एकेकाळी तेच वापरत. करंजाचे तेल स्वस्त खरे, पण वासाने नकोसे. जवस, करडई आणि तीळ यांची पसंती गावोगाव वेगळी. एकंदरीत गृहिणी ही दिव्याची जाणती पारखी होती.

१८६० च्या सुमारास शहर इंग्रजी अंमलाखाली आले आणि त्याच दशकात रेल्वेचे रूळ पडले. १८७० पासून मुंबईहून कलकत्त्यापर्यंत लोहमार्ग अखंड झाला. रूळांवरून पुढे ज्या अनेक वस्तू आल्या त्यांत पत्र्याच्या चौकोनी डब्यातील खनिज तेल आले. मराठीने त्याला दोन नावे दिली आणि दोन्हींत इतिहास आहे. ‘रॉकेल’ म्हणजे इंग्रजीतले दगडाचे तेल, रॉक ऑइल. ‘घासलेट’ म्हणजे गॅसलाइट. मुंबईचे रस्ते १८६५ मध्ये गॅसने उजळले, त्या लखलखाटाचे नाव पुढे गॅसशी काडीचा संबंध नसलेल्या तेलाला चिकटले. आपल्या शेजारी मात्र त्याला मिट्टीका तेल म्हणत, आणि आमच्या लहानपणी दुकानात एक शब्द व घरी दुसरा असा व्यवहार चाले. डबा रिकामा झाला की तो धान्याचे माप होई, न्हाणीघरात पाणी साठवी आणि अखेर कापून त्याची चिमणी होई.

घासलेटाने उजेडाचा हिशेब पालटला. कापसाच्या वातीचा कोनाड्यातला दिवा आणि काचेच्या आत जळणारा डिटमारचा दिवा यांत मोठाच फरक होता. आता पोथी रात्री वाचता येऊ लागली, मुले दिव्यापासून हातभर दूर बसून अभ्यास करू लागली. पण आजीचा प्रश्न कायम होता. संध्याकाळी काच राखेने पुसणे, वात कात्रीने सरळ कापणे, ज्योत वाकडी होऊन काच काळी पडू न देणे, ही सर्व कामे वस्तुतः तेलाचाच हिशेब होती, कारण काजळलेली काच म्हणजे तेल जाळून अंधार विकत घेणे. तिच्या वहीत महिन्याच्या खर्चाखाली पेन्सिलीने लिहिलेले ‘घासलेट, २ बाटल्या’ असे शब्द आम्ही पाहिलेले आहेत. ग्यासबत्ती लग्नाकार्यालाच निघे. तिच्या जाळीत थोरियम असे आणि त्या थोरियमचा कच्चा माल आपल्याच देशाच्या त्रावणकोर किनाऱ्यावरील वाळूतून जाई, हे आम्हांस पुढे वाचनात आले. वरातीत बत्ती डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाला ते कोण सांगणार? त्याच्या वाट्याला उष्णता आली, उजेड इतरांच्या.

या सर्व ज्योतींचे एक रहस्य आज मोजून सांगता येते. एका लिटर रॉकेलमध्ये सुमारे दहा युनिट विजेइतकी ऊर्जा असते. साधा कंदील रोज संध्याकाळी पाच तास लावला तर ती आठवडाभरात संपते, आणि उजेड तीन-चार मेणबत्त्यांचा. उरलेली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होऊन निमाडच्या आधीच तापलेल्या हवेत जाते. विल्यम नॉर्डहाउस या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात उजेडाच्या किमतीचा इतिहास लिहिताना रोमन पद्धतीचा मातीचा दिवा तिळाच्या तेलावर स्वतः पेटवून त्याचे मोजमाप घेतले होते. २०१८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते वेगळ्या कामासाठी. आम्हांस मात्र तिळाच्या तेलाचा दिवा लावून बसलेले ते प्राध्यापकच अधिक जवळचे वाटतात. आमची आजी त्यांच्याशी चार गोष्टी बोलू शकली असती.

आता विजेकडे येऊ. एडिसनचा तंतूचा दिवा १८७९ चा, टंगस्टनची तार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. आपल्या भागात नेपानगरजवळ चांदनी येथे १९५० च्या दशकात कोळशावरील वीजकेंद्र उभे राहिले, नेपा कारखान्याचा वृत्तपत्री कागद निघू लागला आणि त्यानंतरच्या वर्षांत वीज ही चैन न राहता सवय झाली. आमच्या वाड्यात पहिली जोडणी घेतली तेव्हा दोनच दिवे होते, एक ओसरीवर आणि एक माजघरात, दोन्ही साठ वॅटचे. आजीने आपला प्रश्न विचारला. उत्तर मिळाले, ‘‘हा तेल पीतच नाही.’’ ती त्यावर काही बोलली नाही, पण तिचा विश्वास बसला नसावा.

आणि ती बरोबर होती. तेल जळत होते, पण चांदनीला, आपल्या डोळ्यांआड. येथेच आमच्या मते मोठी चूक घडली. बल्बावर छापलेला साठ हा आकडा तेलाचा होता, उजेडाचा नव्हे. वॅट म्हणजे दिवा दर क्षणी किती ऊर्जा पितो त्याचे माप. परंतु बाजारात एकाच जातीचा दिवा मिळत असल्याने तेल आणि उजेड यांचे प्रमाण ठरून गेले, आणि चाळीसचा उजेड, साठचा उजेड, शंभरचा उजेड अशी भाषा रूढ झाली. तेलाचे माप उजेडाचे नाव होऊन बसले. ज्या घरात पळीपळीचा हिशेब होत असे त्या घरात ‘‘शंभरचा लावा, लख्ख दिसेल’’ एवढेच ज्ञान उरले. उजेडाचे खरे माप ल्यूमेन. एक मेणबत्ती साधारण बारा ल्यूमेन देते, साठ वॅटचा जुना बल्ब सातशेच्या आसपास. म्हणजे पंचावन्न-साठ मेणबत्त्या. आणि तरीही त्याने घेतलेल्या विजेपैकी शंभरात पाच भागांचाच उजेड होई, बाकी पंच्याण्णव भागांची उष्णता. उन्हाळ्यात बल्बाखाली बसून आपण जो घाम पुसला तोही मीटरवर मोजलेला होता.

झिरो बल्बाची गोष्ट तर यापुढची आहे. देव्हाऱ्यात, जिन्यात, बाळंतिणीच्या खोलीत तो रात्रभर जळे, कारण त्याच्या नावातच शून्य होते. प्रत्यक्षात तो बारा ते पंधरा वॅटचा. जुन्या मीटरची चकती इतक्या थोड्या विजेने हलत नसे म्हणून लोकांनी त्याला शून्य ठरवले. पंधरा वॅटचा दिवा रोज दहा तास जळला तर वर्षाला सुमारे पंचावन्न युनिट जातात. मीटर बदलले, नाव बदलले नाही, आणि कित्येक घरांत देवापुढचा हा ‘फुकट’ नंदादीप वर्षानुवर्षे पैसे जाळीत राहिला. स्कंदगुप्ताच्या काळच्या तेल्यांनी असा करार केला नसता.

विजेचा दाब हा आपल्या गावाचा आणखी एक जुना विषय. संध्याकाळी माग सुरू असताना, घरोघरी दिवे लागताना दाब एकशे ऐंशीवर उतरे आणि बल्बाची तार निखाऱ्यासारखी लाल होई. तारेच्या दिव्याचा स्वभाव असा की दाब दोनशे तीसवरून एकशे ऐंशीवर आला तर तो वीज सुमारे दोन तृतीयांश घेतो, पण उजेड निम्म्याहूनही कमी देतो. काजळलेल्या काचेची ही आधुनिक आवृत्तीच. ट्यूबलाइट त्या दाबावर पेटतच नसे, नुसती डोळे मिचकावीत राही. तिचेही एक गुपित होते. नळीवर चाळीस वॅट लिहिलेले असत; तिचा जुना चोक आणखी बारा-पंधरा वॅट खाई, ते कोठेही लिहिलेले नसत. तरी त्याच उजेडासाठी बल्बाला जी वीज लागे तिच्या मानाने ट्यूब पुष्कळ स्वस्त होती आणि मागाच्या कारखान्यांनी तिला योग्य मान दिला. फक्त रंगाच्या बाबतीत ती दगा देई. सुताची छटा पारखायची झाली की जाणते लोक थान उचलून दाराशी, दिवसाच्या उजेडात नेत. चांगल्या दिव्याची एक कसोटी, रंग खरे दाखवणे, ही आपल्या विणकरांस कोणत्याही पुस्तकाआधी माहीत होती.

तारेच्या दिव्याचे आयुष्य सुमारे एक हजार तास. हा आकडा कोठून आला याचीही कथा आहे. १९२४ मध्ये जिनीव्हा येथे जगातील मोठ्या दिवे बनवणाऱ्या कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापला आणि बल्ब हजार तासांहून अधिक टिकू नये असे आपसांत ठरवले. जास्त टिकणाऱ्या मालाबद्दल सभासदांस दंड होई. ही लबाडी होती यात शंका नाही. पण एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. तार जितकी जास्त तापवावी तितका त्याच विजेत उजेड अधिक आणि आयुष्य कमी. फार टिकणारा बल्ब मंद असतो आणि तेल फार पितो. दिवा दीर्घायुषी असणे आणि काटकसरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात उभे राहिल्यावर आपण त्या नेहमी एक समजतो.

२००० ते २००५ ही वर्षे आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि कोरब्याची वीजकेंद्रे त्या राज्याकडे गेली. भारनियमन रोजचेच झाले. २००३ च्या डिसेंबरात झालेली विधानसभा निवडणूक ‘बिजली, सडक, पानी’ या तीन शब्दांवर लढली गेली; त्याच वर्षी १५ ऑगस्टला बऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळे होऊन जिल्हा झाले होते. नवा जिल्हा अंधारात जन्मला, असा विनोद तेव्हा चाले. त्या दिवसांत ट्रंकेतला कंदील पुन्हा खाली आला आणि घरोघरी इन्व्हर्टर घेण्याची धडपड सुरू झाली. इन्व्हर्टरने मात्र एक उपकार केला. बॅटरीत वीज मोजकी असते. साठचे बल्ब लावले तर ती लवकर बसे, वळ्या-वळ्यांच्या सीएफएल लावल्या तर कितीतरी वेळ पुरे. तेलाचे भांडे पुन्हा घरात आले, ते डोळ्यांसमोर रिकामे होऊ लागले, आणि पुष्कळ वर्षांनी लोक पुन्हा विचारू लागले : हा दिवा पितो किती?

नर्मदेवर पुनासा येथे इंदिरा सागर प्रकल्प २००५ मध्ये एक हजार मेगावॉट क्षमतेने पूर्ण झाला आणि आपला अंधार पुढे हळूहळू ओसरला. त्यापायी सुमारे अडीचशे खेडी बाधित झाली आणि २००४ च्या पावसाळ्यात हरसूद रिकामे झाले. खंडव्याच्या वाटेवरच्या आपल्या कित्येकांचे त्या गावाशी सोयरसंबंध वा व्यवहार होते. लोकांनी आपल्याच हातांनी घरांच्या कड्या-चौकटी काढून गाड्यांवर लादल्या. वीज आली म्हणून दोषी वाटून घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. तेल कोठून तरी येते, एवढेच. आणि साठचे काम नऊत होत असेल तर बाकीचे एक्कावन्न कोणाच्या तरी अंगणातून येतात, हे विसरता येत नाही.

सीएफएलचे युग थोडेच टिकले. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००९ मध्ये ‘बचत लॅम्प योजना’ काढली. जुना बल्ब द्यावा, पंधरा रुपये द्यावे आणि सीएफएल घ्यावी. बाकीची किंमत वाचलेल्या कार्बनच्या आंतरराष्ट्रीय विक्रीतून भरून निघावी, अशी ती कल्पना. कार्बनचे भाव पडले आणि योजना मंदावली. आमचे स्वतःचे अनुभवही संमिश्र आहेत. आठवडी बाजारात एका दुकानदाराकडून (नाव घेण्यात अर्थ नाही) ‘हमी’सह घेतलेल्या सहा सीएफएलपैकी चार त्याच पावसाळ्यात गेल्या, आणि हमीचा कागद घेऊन गेलो तो दुकानच जागेवर नव्हते. फुटलेली नळी केराच्या टोपलीत टाकताना तीत थोडासा पारा असतो हे आम्हांस ठाऊक नव्हते. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील सभासद देशांनी घरगुती सीएफएलचे उत्पादन व आयात-निर्यात २०२५ पर्यंत थांबवण्याचे ठरवले, आणि एका युगावर पडदा पडला.

एलईडीच्या मागे मात्र मोठे शास्त्र आहे. लाल आणि हिरवा प्रकाश देणारे ठिपके पूर्वीपासून होते. निळा साधत नव्हता आणि निळ्यावाचून पांढरा होत नाही. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या जपानी संशोधकांनी तो १९९० च्या दशकाच्या आरंभी साधला आणि २०१४ मध्ये त्यांना भौतिकीचे नोबेल मिळाले. त्याच २०१४ च्या आरंभी केंद्र सरकारच्या ईईएसएल कंपनीला असा एक बल्ब घाऊक खरेदीत ३१० रुपयांस पडत होता. ५ जानेवारी २०१५ रोजी योजना देशभर निघाली, पुढे तिचे नाव ‘उजाला’ झाले आणि २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांवर आला. छत्तीस कोटींहून अधिक बल्ब या वाटेने घरांत गेले. दिव्याच्या इतिहासात किंमत इतक्या वेगाने उतरल्याचे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही.

हिशेब सोपा आहे. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर वर्षाला सुमारे ११० युनिट. त्याहून थोडा अधिकच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी सोळा-सतरा युनिट. सात रुपये युनिट धरले तरी एका दिव्यामागे साडेसहाशे रुपये वाचतात. तरीही दुकानात गेल्यावर लोक अजून ‘‘नऊ वॅटचा द्या’’ म्हणतात, म्हणजे पुन्हा तेलच मागतात. आता एकाच नऊ वॅटमध्ये एक बल्ब सातशे ल्यूमेन देतो आणि दुसरा हजारापर्यंत जातो. खोक्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात. ल्यूमेनला वॅटने भागावे, जो भागाकार मोठा तो दिवा बरा. ब्यूरोच्या चांदण्याही याच भागाकारावर ठरतात. रंगासाठी केल्विनचा आकडा पाहावा : २७०० म्हणजे समईच्या जवळचा पिवळसर, ६५०० म्हणजे दुपारचा निळसर पांढरा. ओसरीवर आणि शिलाईयंत्राशी पांढरा ठीक; निजण्याच्या खोलीत व देव्हाऱ्यात पिवळसरच शोभतो, हे आमचे मत, कोणावर सक्ती नाही. रंग खरे दाखवण्याचा आकडा ऐंशीच्या खाली असेल तर साड्यांच्या दुकानाने तो बल्ब घेऊ नये. आणि बंद काचेच्या गोळ्यात एलईडी कोंबू नये. तो जळतो तो ठिपक्यामुळे नव्हे, बुडाशी असलेल्या छोट्या यंत्रणेला उष्णता सोसत नाही म्हणून. खोक्यावरचे पंचवीस हजार तास मोकळ्या हवेतले असतात.

एक कबुली देणे भाग आहे. वाड्यात पूर्वी दोन दिवे होते, साठ-साठचे. मिळून १२० वॅट. परवा आम्ही मोजले तर आज एकतीस ठिकाणी दिवे आहेत, सगळे नऊ-नऊचे. सर्व एकदम लावले तर २७९ वॅट होतात. उजेड स्वस्त झाला की माणूस तेल वाचवीत नाही, कोपरे उजळतो. जिन्याखाली आता दिवा आहे, जेथे कोणी जात नाही. मागील परसातही रात्रभर एक असतो. तुळशीपाशी जायला उजेड हवा म्हणून तो लावला होता आणि सकाळी बंद करण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही. दोन दिव्यांच्या काळात घरातील सारी माणसे त्या दोन दिव्यांभोवती बसत; तसे बसणे चांगले होते की अपरिहार्य होते, यावर आमच्या घरात एकमत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणाऱ्या मागच्या पिढीतील बायकांची आठवण झाली की आम्ही एकतीस दिव्यांच्या बाजूने होतो, आणि बिल आले की दोनच्या.

दिव्यांच्या अवसेच्या दुसऱ्या दिवशी ट्रंक पुन्हा भरताना आजीची ती वही हाती आली. नातवाने जळका बल्ब ट्रंकेत, कंदिलाशेजारी ठेवण्याचा हट्ट धरला आणि आम्ही तो मानला. त्याच्या जागी नवा आणला होता. खोके फेकण्यापूर्वी त्यावरचे आकडे आम्ही त्यास वाचावयास सांगितले आणि भागाकार त्यानेच केला. मग वहीत घासलेटाच्या बाटल्यांखाली, दिवाबत्तीच्या त्याच सदरात, त्याने पेन्सिलीने लिहिले : ‘ओसरी. ९०० ल्यूमेन, ९ वॅट. तेल थोडे पितो.’